अर्थ पेलण्यापुरता आधार

मनोविश्लेषणाच्या पद्धतीने उपचार घेतले असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एक कोच, त्याच्यामागे दिसणार नाही असा बसलेला अबोल डॉक्टर आणि बालपणीच्या आठवणींची उकल असे चित्र उभे राहते. माझ्या उपचारांत कोच नव्हता, मौन फार थोडे होते आणि बालपणाचा विषय पहिले कितीतरी महिने उपचार करणाऱ्या बाईंनी स्वतःहून काढला नाही. तरीही ते उपचार मनोविश्लेषणाचेच होते, आणि त्यांत जे बदललेले होते ते माझी प्रकृती ओळखून, विचारपूर्वक बदललेले होते. ज्याच्या मनाची ठेवण निदान त्या काळापुरती तरी नाजूक आहे, अशा माणसासाठी मूळ पद्धतीला कुठे कुठे मुरड घालावी लागते, हे मी रुग्ण म्हणून जसे अनुभवले तसे लिहीत आहे.

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आई गेली त्या वर्षी माझी झोप आधी गेली आणि मग बाकीचे सगळे गेले. वर्गात फळ्याकडे वळून समीकरण लिहिताना मनात आलेले एखादे वाक्य आपण मोठ्याने तर बोललो नाही ना, अशी शंका येई. मुलांचे चेहरे पाहून ती फिटत नसे. आत आणि बाहेर यांच्यामधली सीमा पुसट होऊ लागली होती, असे आज म्हणता येते. तेव्हा केवळ भीती होती. काही दिवस रुग्णालयात राहावे लागले, औषधे सुरू झाली, झोप परत आली आणि मनोविकारतज्ज्ञांनी औषधांच्या जोडीला मानसोपचार सुचवले.

पहिले उपचारक जुन्या वळणाचे होते. मी कोचावर पडून मनात येईल ते न गाळता बोलावे, ते ऐकतील आणि योग्य वाटेल तेव्हा अर्थ सांगतील, एवढाच नियम होता. मी गप्प झाले की तेही गप्प राहत. ज्याला आपले मन आपल्या ताब्यात आहे याचा भरवसा आहे, त्याला ते मौन मोकळीक देत असेल. मला त्या मौनात आपण हळूहळू विरघळत आहोत असे वाटे. काही आठवड्यांतच त्यांनी मला सांगितले, की आईवर मी अनेक वर्षे रागावलेली होते आणि तिच्या मृत्यूने तो राग फळाला आला अशी माझी आतली समजूत आहे. वाक्य शांतपणे उच्चारलेले होते. त्या संध्याकाळी मला घरचा रस्ता आठवेना. एका रिक्षावाल्याला भावाचा फोन नंबर देऊन मी रस्त्याच्या कडेला बसून राहिले. औषधांची मात्रा वाढवावी लागली आणि ते उपचार तिथेच थांबले.

हा प्रसंग सविस्तर सांगण्याचे कारण पुढे येईल. ते वाक्य चुकीचे नव्हते. पुढे दुसऱ्या उपचारकर्तीने जवळजवळ तेच मला सांगितले, आणि तेव्हा मी घरी जाऊन स्वयंपाक केला. दोन्ही वेळांच्या मध्ये जे घडले त्याला मनोविश्लेषणाच्या परिभाषेत आधार देणारी तंत्रे म्हणतात. आधार म्हटले की गोड बोलणे, धीर देणे, पाठीवरून हात फिरवणे असे वाटते. माझ्या वाट्याला आलेला आधार तसा नव्हता. काही वेळा तर तो कोरडाच वाटे.

दुसऱ्या बाईंना मी मॅडम म्हणत असे आणि अजूनही म्हणते. पहिल्या काही भेटींत त्यांनी झोप, जेवण, औषधांच्या वेळा, घरी कोण असते, पगार वेळेवर होतो का, असेच प्रश्न विचारले. मला ते काहीसे अपमानास्पद वाटले होते, कारण इतके वाचून, इतके सोसून मी कुणाला तरी माझ्या पथ्यपाण्याचा हिशेब देत बसले होते. मग त्यांनी पद्धत समजावून सांगितली. कोचावर पडून मुक्तपणे बोलत राहणे आणि समोरून उत्तर न मिळणे या दोन्हींचा हेतू मनाची रोजची राखण सैल करणे हा असतो. जिथे राखण मुळातच अपुरी पडते आहे, तिथे ती आणखी सैल करणे हाच धोका ठरतो. म्हणून आम्ही खुर्च्यांवर बसणार होतो. खुर्च्या अगदी समोरासमोर नव्हत्या. त्या थोड्या तिरक्या ठेवलेल्या होत्या, म्हणजे मला हवे तेव्हा त्यांचा चेहरा दिसावा आणि नको तेव्हा खिडकीकडे बघता यावे. आठवड्यातून दोनदा, पन्नास मिनिटे. मधल्या दिवसांत फोन कशासाठी करायचा आणि कशासाठी करायचा नाही, जगू नये असे वाटू लागले तर क्रमाने कुणाला सांगायचे, हे एका कागदावर आम्ही दोघींनी मिळून लिहिले. त्यात भावाचे, मनोविकारतज्ज्ञांचे नाव होते, आणि पुढे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सुरू झाल्यावर मॅडमनी तोही त्यात आपल्या हाताने घातला.

मौनाचे काय करायचे, हा पहिला मोठा फरक. मी थांबले तर त्या थोडा वेळ थांबत, मग म्हणत, “तुम्ही आता गप्प आहात. मी विचार करतेय की बोलण्यासारखे काही उरले नाही म्हणून, की जास्त झाले म्हणून. तुम्हाला कुठले जवळचे वाटते?” यात कोणताही गूढ अर्थ नव्हता. त्या आपला विचार उघडपणे करून दाखवत होत्या. दुसऱ्या माणसाच्या डोक्यात या क्षणी काय चालले आहे हे मला आपोआप कळते अशी माझी खात्री असे, आणि ते नेहमी माझ्याविरुद्धच असे. समोरचा माणूस आपल्या विचारांची वाट शब्दांत मोकळी करून ठेवतो, तेव्हा त्या खात्रीला जागा कमी उरते. पुष्कळ दिवसांनी मी वर्गातल्या गप्प मुलांकडे बघून तशाच दोन शक्यता मनात मांडू लागले. आपल्याकडे तेव्हा नसलेली क्षमता काही काळ उपचारकाकडून उसनी घ्यायची आणि वापरता वापरता ती आपली व्हायची, असा हा व्यवहार असतो.

शेवटची दहा मिनिटे वेगळी असत. विषय कितीही ऐन भरात असला तरी मॅडम घड्याळाकडे उघड बघत आणि सांगत, की आता आपण यातून हळूहळू बाहेर येऊ. मग उद्या कोणता धडा शिकवायचा आहे, घरी जाताना काय आणायचे आहे, असे बोलणे होई. मला या गोष्टीचा बराच काळ राग येत असे. आता कुठे खरे निघत होते आणि बाईंनी रसायनशास्त्रातली मोल संकल्पना काढली, असे मी एकदा बोलूनही दाखवले. त्यांनी राग ऐकून घेतला, पण प्रथा बदलली नाही.

माझी एक सवय होती. रात्री झोपण्यापूर्वी गॅस, नळ, कड्या, दिवे हे सगळे तपासून मी एका वहीत खूण करत असे, आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची यादी शिपायाने केल्यावर पुन्हा स्वतः करत असे. पहिल्या उपचारकांनी यावर लगेच बोट ठेवले होते, की हे सारे आतल्या अनावर इच्छांवर ठेवलेले नियंत्रण आहे. मॅडमनी वहीबद्दल विचारले, कधी सुरू झाली ते ऐकले आणि म्हणाल्या, “या वहीमुळे तुम्ही इतक्या अवघड महिन्यांत कामावर जाऊ शकलात. ती राहू दे.” ज्या बचावामुळे, म्हणजे मनाने स्वतःला सावरायला लावून घेतलेल्या सवयीमुळे, माणूस उभा आहे तो बचाव ओळखायचा, पण त्याच्या जागी दुसरे काही येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा या पद्धतीचा एक मुख्य दंडक आहे. उलट ज्या बचावाने नुकसान होत होते, म्हणजे शंका येताच रजा टाकून घरात कोंडून घेणे, त्याबद्दल त्या स्पष्ट बोलत आणि कधी सरळ सल्लाही देत. राजीनामा लिहून मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी त्याच्या मुळाशी काय आहे हे न विचारता, इतका मोठा निर्णय आत्ता घेऊ नका, असे सांगितले. उपचार चालू असताना आयुष्यातले महत्त्वाचे निर्णय पुढे ढकलावेत, ही सूचना मनोविश्लेषणाचा जनक खुद्द फ्रॉइड आपल्या रुग्णांना देत असे, हे मला नंतर वाचनात आढळले; म्हणजे सल्ला न देण्याचा नियम पहिल्यापासून तितका सोवळा नव्हता.

वाचन मी याच काळात सुरू केले. सप्टेंबर १९१८ मध्ये, महायुद्ध संपत आलेले असताना, बुडापेस्टच्या परिषदेत फ्रॉइडने भविष्याबद्दल असे भाकीत केले होते, की गोरगरिबांपर्यंत ही उपचारपद्धती न्यायची तर विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात थेट सूचनेचे तांबे भरपूर मिसळावे लागेल. पुढची कित्येक दशके आधार म्हणजे तांबे, म्हणजे हिणकस, अशी श्रेणी रूढ झाली. रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून मला या उपमेत एक गोष्ट राहून गेलेली दिसते. शुद्ध सोने मऊ असते. रोज वापरायची बांगडी करायची तर सोनार त्यात तांबे किंवा चांदी घालतोच, आणि ते गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी घालत नाही.

या श्रेणीला पहिला मोठा धक्का अमेरिकेतल्या टोपीका इथल्या मेनिंजर संस्थेच्या दीर्घ अभ्यासाने दिला. बेचाळीस रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी १९८६ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. साधारण निम्म्यांवर पूर्ण मनोविश्लेषण आणि निम्म्यांवर मनोविश्लेषणात्मक मानसोपचार झाले होते. कागदावर काहीही ठरलेले असो, प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्याच उपचारांत ठरवल्यापेक्षा जास्त आधार द्यावा लागला होता, आणि आधारातून झालेले बदल अंतर्दृष्टीतून झालेल्या बदलांपेक्षा कमी टिकाऊ असतात हे गृहीतकही खरे ठरले नाही. हे वाचून मला जे बरे वाटले त्याचे कारण शास्त्रीय नव्हते. आपल्याला कमी प्रतीचा उपचार मिळतो आहे, कारण आपण कमी प्रतीचे रुग्ण आहोत, असा जो सल होता तो गेला.

उपचारकाबद्दल रुग्णाच्या मनात जुन्या नात्यांचे रंग उतरतात, त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. रूढ पद्धतीत उपचारक स्वतःबद्दल फारसे काही सांगत नाही, म्हणजे ते रंग गडद होऊन स्पष्ट दिसतात. माझ्याबाबतीत ते इतके झटपट गडद होत की त्यांच्याआड खरे माणूस दिसेनासे होई. एकदा मी बोलत असताना मॅडमनी जांभई दाबली. मी बोलायची थांबले आणि पुढच्या भेटीला गेलेच नाही. त्यानंतरच्या भेटीत त्यांनी आधी वस्तुस्थिती सांगितली: त्यांना जांभई आली होती, आदल्या रात्री त्यांची झोप झाली नव्हती, माझ्या बोलण्याचा कंटाळा आलेला नव्हता. हे झाल्यावर मग त्यांनी विचारले, की जांभई पाहिल्यावर तुमच्या मनात काय काय आले? हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी पायाखाली जमीन आहे की नाही हे कळले, म्हणून मी त्या जांभईपासून आईच्या आजारपणापर्यंत जाऊ शकले. मी लहान असताना आई वारंवार रुग्णालयात जात असे, आणि मी काही सांगायला गेले की ती डोळे मिटून घेई. माझ्या बोलण्याने तिचा आजार वाढतो, असा निष्कर्ष मी तेव्हाच काढून ठेवलेला होता.

मे महिन्याची सुट्टी ही दरवर्षीची कसोटी होती. मॅडम एप्रिलच्या सुरुवातीलाच जाण्याची आणि येण्याची तारीख एका कार्डावर लिहून देत. सुट्टीत मी पत्रे लिहावीत, त्या उत्तर देणार नाहीत पण आल्यावर सगळी वाचतील, असे ठरलेले असे. पहिल्या वर्षी मी ते कार्ड पर्समध्ये ठेवून दिवसातून कितीतरी वेळा काढून पाहत असे, कारण ती व्यक्ती अस्तित्वात आहे आणि परत येणार आहे, ही गोष्ट मनात धरून ठेवणे मला जमत नव्हते. कागदावर लिहिलेली तारीख तेवढी माझ्या हातात होती. अशा साध्या वस्तूंचे कौतुक उपचारांच्या ग्रंथांत फारसे आढळत नाही, पण माझ्या मते त्या कार्डाचे श्रेय मोठे आहे.

आता आईवरच्या रागाच्या त्या वाक्याकडे येते. फ्रेड पाइन या अमेरिकी मनोविश्लेषकाने १९८४ मध्ये नाजूक अवस्थेतल्या रुग्णांना अर्थ कसा सांगावा याची काही पथ्ये मांडली. लोखंड तापलेले असताना घाव घालावा असे आपण म्हणतो. तो म्हणतो, थंड असताना घाला, म्हणजे भावना उसळलेली असताना नको, ती ओसरल्यावर सांगा. दुसरे, ऐकल्याबरोबर रुग्णाने त्यावर काही बोलले पाहिजे ही अपेक्षाच मागे घ्या. तिसरे, येऊ घातलेल्या गोष्टीची आधी कल्पना देऊन रुग्णाला तिच्यासमोर निष्क्रिय न ठेवता कर्ता करा. चौथे, त्या वेळी सांभाळून धरणारे वातावरण अधिक घट्ट करा. हे मी वाचले तेव्हा मला हसू आले, कारण हे सगळे मॅडमनी माझ्यावर केलेले होते आणि मला वाटत होते की तो त्यांचा स्वभाव आहे.

तिसऱ्या वर्षीची मेची सुट्टी मला फार जड गेली होती. मॅडमना अपघात झाला आहे असे मी पत्रांत पुन्हा पुन्हा लिहिले होते. जूनमध्ये त्या परत आल्या तेव्हा त्यांनी पत्रे वाचली, माझे हाल ऐकले आणि अर्थाचा एक शब्दही काढला नाही. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये, कॉलेजचे काम नीट चालू असताना, एका भेटीच्या सुरुवातीला त्या म्हणाल्या, “मे महिन्याबद्दल माझ्या मनात एक विचार आहे. तो तुमच्या आईशी जोडलेला आहे आणि ऐकायला त्रास होऊ शकतो. आज ऐकायचा, पुढच्या वेळी ऐकायचा की नकोच, हे तुम्ही ठरवा. ऐकलात तरी आज त्यावर काही म्हटलेच पाहिजे असे नाही.” मी पुढच्या वेळी म्हटले. मधल्या दिवसांत तो विचार काय असेल याचा अंदाज मी स्वतःच बांधू लागले, आणि त्या भेटीत त्यांनी सांगण्यापूर्वी मीच म्हणाले, की अपघात झाला असे मी लिहीत होते ते भीतीने असेल, पण त्यात थोडी शिक्षाही असेल. त्या म्हणाल्या, “हो. सोडून जाणाऱ्या माणसाचा राग येतो, आणि तुमच्या रागाने माणूस मरते असे तुम्ही लहानपणापासून धरून चालला आहात. आई गेली तेव्हा ते सिद्ध झाले असे तुम्हाला वाटले असावे.” एवढे बोलून त्यांनी खिडकी उघडली आणि दहा मिनिटे आम्ही पावसाबद्दल, खडकवासल्याच्या पाण्याबद्दल बोललो.

तो अर्थ नवा नव्हता, हे मला तिथेच बसल्या बसल्या उमगले. या वेळी तो ऐकणारी वेगळी होती, सांगणारीशी असलेले नाते वेगळे होते, आणि सांगणारी माझ्या रागाच्या पत्रांनंतरही धडधाकट समोर बसलेली होती. हा शेवटचा पुरावा कोणत्याही वाक्याने देता आला नसता. त्यानंतरचे वर्षभर आईबद्दलचा राग, मग तिच्याबद्दलचे दुःख, हे सगळे रूढ मनोविश्लेषणात व्हावे तसे स्वप्नांतून, आठवणींतून आले आणि मॅडम पुष्कळ कमी बोलू लागल्या. वहीतल्या खुणा कधी थांबल्या हे मला सांगता येणार नाही.

या पद्धतीवरचे आक्षेपही मला ठाऊक आहेत आणि त्यांतला एक मला पटतो. ओटो कर्नबर्ग यांच्यासारख्या मनोविश्लेषकांचे म्हणणे असे, की उपचारकाने सल्ला द्यायला, धीर द्यायला सुरुवात केली की त्याची तटस्थता जाते आणि मग ट्रान्सफरन्सचे विश्लेषण नीट होऊ शकत नाही. म्हणून दोन्ही पद्धती एकत्र कालवू नयेत. माझ्याबाबतीत विश्लेषण झाले, हे खरे. पण ज्या स्त्रीने मला राजीनाम्यापासून अडवले, पत्रे वाचली, कार्डे लिहून दिली, तिच्यावर चिडणे मला शेवटपर्यंत अवघड गेले. आईवरचा राग बोलता आला, मॅडमवरचा पुरता बोलता आला नाही. उपकाराखाली राग दबतो, हे आपल्या घराघरांतले वास्तव आहे आणि उपचाराच्या खोलीत ते दाराबाहेर राहत नाही. शिवाय मॅडम कौतुक करत ते मला आवडत नसे. आठवडाभर कामावर गेल्याबद्दल शाबासकी मिळाली की मी पुन्हा शाळेत आहे असे वाटे. हे सांगितल्यावर त्यांनी कौतुक कमी केले.

भावाला वाटे की मी त्यांच्यावर अवलंबून राहू लागले आहे. मॅडमनी माझ्या संमतीने त्याला एकदा बोलावले आणि काही काळ अवलंबून राहणे हा उपचाराचाच भाग आहे, तो कमी कसा करायचा हेही आधीच ठरवलेले आहे, असे समजावले. त्याला ते पूर्ण पटले नाही. त्याने तेवढ्यापुरते ऐकून घेतले आणि फी परवडते का, एवढेच मला नंतर विचारले. ती परवडत होती, पण जेमतेम, आणि माझ्याहून कमी पगार असलेल्या कुणालाही आठवड्यातून दोनदा इतकी वर्षे हे जमणार नाही, हे मी मान्य करते.

सध्या आम्ही पंधरा दिवसांतून एकदा भेटतो. अलीकडे मी मॅडमना विचारले, की जांभईबद्दल त्यांनी लगेच खरे सांगून टाकले नसते तर माझा त्यांच्यावरचा राग पुढे कधीतरी मोकळा झाला असता का? त्या म्हणाल्या, कदाचित झाला असता, पण तुम्ही परत आला नसतात. मला वाटते, मी आले असते. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही आणि पुढच्या भेटीचा विषय तोच आहे.